मोबाईलवरून प्रिंट निघते पण घरच्या कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतच नाही (लिनक्स मिंट)

इंदिरानगरकर | शनिवार, रात्री ८:५०

नमस्कार मंडळी. दोन दिवस झाले याच्यामागे लागलोय म्हणून शेवटी इथे विचारतो. घरचा डेस्कटॉप जुना आहे, विंडोज ११ घेत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्याच्यावर लिनक्स मिंट २२ टाकलं. मशीन आधीपेक्षा हलकं चालतंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न फक्त प्रिंटरचा. लेझर ऑल-इन-वन आहे, वायफायवाला, दोन वर्षं जुना. माझ्या आणि बायकोच्या मोबाईलवरून एका झटक्यात प्रिंट निघते, पण मिंटमध्ये प्रिंटर्स उघडून ॲड केलं की ते गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी यादी रिकामी. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून दोनदा टाकला दोनदा काढला. प्रिंटर फॅक्टरी रिसेट केला. मिंटसुद्धा परत टाकायच्या बेतात आहे.

बायको घरी पाचवीच्या स्कॉलरशिपचा क्लास घेते, उद्या दहाला सराव परीक्षा आहे, बावीस मुलं, प्रत्येकाला चार पानं. पेपर डेस्कटॉपवर टाइप केलाय. कोणाला काही सुचतंय का?

द्वारका_सर्कल | रात्री ९:०५

प्रिंटर गेस्ट वायफायवर तर नाही ना टाकला? गेस्टवर असेल तर कॉम्प्युटरला दिसणार नाही. माझ्याकडे तेच झालं होतं.

इंदिरानगरकर | रात्री ९:०८

नाही, गेस्ट बंदच आहे. घरात एकच वायफाय, फोन आणि प्रिंटर दोन्ही त्याच्यावर.

कॉलेजरोड९५ | रात्री ९:१४

फायरवॉल असणार भाऊ. मिंटमध्ये फायरवॉल कॉन्फिगरेशन नावाचं ॲप आहे ते उघडा आणि ५३५३ आणि ६३१ दोन्ही पोर्ट (डेटा येण्याजाण्याची क्रमांकाची दारं) आत येण्यासाठी मोकळे करा. नाहीतर सरळ फायरवॉल बंदच करून बघा.

सातपूर_नेटवर्क | रात्री ९:३१

थांबा, मिंट परत टाकू नका आणि पोर्टही उघडू नका. माझं रोजचं काम फॅक्टऱ्यांमधल्या नेटवर्कचं आहे, अंबड-सातपूरला महिन्यातून दोन-चार वेळा तरी "प्रिंटर दिसत नाही" हा फोन येतो आणि दहातल्या आठ वेळा ड्रायव्हरचा काही संबंध नसतो.

आधी फायरवॉलचं सांगतो कारण हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मिंटमध्ये फायरवॉल टाकलेलं असतं पण चालू केलेलं नसतं, तुम्ही स्वतः चालू केलं तरच. आणि चालू केलं तरी त्याच्या मूळ नियमांमध्येच ५३५३ च्या शोधाशोधीला परवानगी दिलेली आहे. ६३१ हे प्रिंटरकडे जायचं पोर्ट आहे, आपण तिकडे जातो, तो आपल्याकडे येत नाही, त्यामुळे आपल्या मशीनवर ते उघडायची गरजच नाही. उलट सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्डमधली (लिनक्सवर नेटवर्कमधले प्रिंटर शोधणारा प्रोग्राम) जी मोठी चूक उघडकीला आली ती हीच होती की ते ६३१ वर बाहेरून आलेलं कोणाचंही पॅकेट प्रिंटरची ओळख म्हणून मान्य करत होतं. अपडेट केलेल्या मशीनवर ते बंद केलंय, तुम्ही परत दार उघडू नका.

आता प्रिंटर "दिसतो" म्हणजे काय होतं ते बघा. जुन्या नाशकातला वाडा डोळ्यासमोर आणा. तुम्ही चौकात उभं राहून ओरडता, "प्रिंटर कोण आहे रे इथे?" आणि ज्या खोलीत प्रिंटर आहे तिथून उत्तर येतं, "मी आहे, माझं नाव हे, मी इथे राहतो, मला पीडीएफ समजतं." कॉम्प्युटर नेमकं हेच करतो, २२४.०.०.२५१ या पत्त्यावर ५३५३ पोर्टवरून हाक मारतो. याला एमडीएनएस म्हणतात, ॲपलवाले बोनजूर म्हणतात, लिनक्सवर हे काम अवाही करतं. आणि ही हाक वाड्याच्या दिंडी दरवाज्याबाहेर जात नाही. बाहेर जाऊच नये अशीच तिची रचना आहे. शेजारच्या वाड्यात प्रिंटर असेल तर तुम्ही कितीही ओरडा, उत्तर येणार नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न एवढाच, दोघं एकाच वाड्यात आहेत का? डेस्कटॉपला इंटरनेट कशातून येतं? वायफाय की वायर? वायर असेल तर ती नेमकी कोणत्या डब्यात घातली आहे? डेस्कटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) सांगा. आणि प्रिंटरवरचं वायफायचं किंवा माहितीचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, बहुतेक प्रिंटर त्यावर एक पान छापून देतात, त्या पानावर त्याचा आयपी असतो तोही टाका.

इंदिरानगरकर | रात्री ९:५८

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पान निघालं. प्रिंटर १९२.१६८.०.१०५.

डेस्कटॉप वायरवर आहे, १९२.१६८.१.७. वायर फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्यातून येते, तो जिन्याखाली चपलांच्या कपाटावर ठेवलाय.

आता प्रश्न वाचून वाचून एक गोष्ट लक्षात आली ती पण सांगतो. आमचं रो हाऊस आहे, वरच्या मजल्यावर रेंज यायची नाही म्हणून दिवाळीतच एक वेगळा राउटर घेतला, तो वर हॉलमध्ये लावलाय आणि फायबरच्या डब्यातून त्याला वायर दिलीय. फोन, टीव्ही, प्रिंटर सगळं या नव्या राउटरवर. डब्याचं स्वतःचं वायफाय मी बंद करून टाकलं होतं. विंडोजवर प्रिंटर मस्त चालायचा म्हणून मी सगळा दोष मिंटला देत होतो, पण मिंट आणि राउटर एकाच आठवड्यात आलेत.

अजून एक विचित्र. फोनवरून डेस्कटॉपला पिंग केलं (म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का बघितलं) तर जातंय, डेस्कटॉपवरून प्रिंटरला पिंग केलं तर काहीच नाही.

सातपूर_नेटवर्क | रात्री १०:१०

सापडलं. मिंट निर्दोष आहे.

तिसरा आकडा बघा, एकीकडे १ आहे, एकीकडे ०. दोन वाडे झाले तुमच्या घरात. फायबरचा डबा हाही राउटरच असतो, तो १९२.१६८.१ चे पत्ते वाटतो. नवीन राउटरची इंटरनेट लिहिलेली खाच त्याला जोडली की नवीन राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि १९२.१६८.० चे पत्ते वाटायला लागतो. प्रिंटर आणि फोन आतल्या वाड्यात, डेस्कटॉप बाहेरच्या.

पिंग एकाच बाजूने जातंय ना, तीच खूण आहे. आतला माणूस बाहेर जाऊ शकतो, राउटर त्याला सोडतो आणि त्याचं उत्तर आत घेतो, कारण इंटरनेटवर जातानाही हेच चालतं. बाहेरच्याने आपणहून आत यायचं म्हटलं की दार बंद. डेस्कटॉप त्याच्यासाठी बाहेरचाच.

यावर खरा उपाय म्हणजे वरच्या राउटरला राउटरगिरी सोडायला लावायची. त्याच्या सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड असेल, तिथे ॲक्सेस पॉइंट निवडा. मग तो फक्त वायफाय पुरवेल, पत्ते वाटायचं काम एकटा फायबरचा डबा करेल, सगळं घर एका नेटवर्कवर येईल. वायफायचं नाव आणि पासवर्ड तेच राहू द्या म्हणजे फोन परत जोडत बसावे लागणार नाहीत.

तो मोड नसेल तरी जमतं. राउटरमधलं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ असा डब्याच्या रांगेतला पत्ता द्यायचा (डब्याच्या वाटपात तो येत नाही ना ते बघून), आणि मग जिन्याखालून आलेली वायर इंटरनेटच्या खाचेतून काढून बाकीच्या चारपैकी कुठल्याही खाचेत घालायची. क्रम हाच ठेवा, आधी सेटिंग, मग वायर, नाहीतर राउटरचं पान उघडायला पत्ताच राहत नाही.

पण उद्या दहाला परीक्षा आहे तर आज रात्री हे करू नका. पेपरची पीडीएफ बनवा, फोनवर घ्या, फोनवरून छापा, झोपा. उद्या मुलं गेल्यावर निवांत करा.

कॉलेजरोड९५ | रात्री १०:२२

पोर्ट फॉरवर्ड करून पण होईल ना? वरच्या राउटरमध्ये ९१०० पोर्ट प्रिंटरकडे वळवायचं आणि मिंटमध्ये राउटरचा बाहेरचा आयपी देऊन प्रिंटर टाकायचा.

सातपूर_नेटवर्क | रात्री १०:३०

प्रिंट निघेल, बरोबर आहे तुमचं. पण ९१०० वर नुसता कच्चा डेटा जातो, प्रिंटर कोण आहे, त्याला काय समजतं, कागद संपलाय का, हे काही कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणजे परत ड्रायव्हर शोधणं आलं. यादीत तर तो तरीही दिसणार नाही. स्कॅनिंगही अडेल. घरात दोन वाडे ठेवायचं काही कारण नसेल तर भिंतच पाडलेली बरी.

ताई_नाशिकरोड | रात्री १०:४५

धाग्यात मध्येच येते त्याबद्दल माफ करा, पण माझंही प्रिंटरचंच आहे. आमचे बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत, सगळं आयुष्य छपाईत काढल्यामुळे त्यांना कागदावर वाचायलाच आवडतं, रोज काही ना काही काढून द्यावं लागतं. माझा विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. प्रिंटर यादीत आहे, पण कधी ऑफलाइन दाखवतो कधी चालतो, आणि लाईट जाऊन आली की हमखास ऑफलाइन. सगळं एकाच वायफायवर आहे, दुसरा राउटर नाही.

सातपूर_नेटवर्क | रात्री ११:०४

ताई, अजिबात संकोच करू नका, विषय तोच आहे.

लाईट जाऊन आली की होतं याचा अर्थ राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद होऊन चालू होतात आणि प्रिंटरला कधीकधी नवा आयपी मिळतो. लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर चिठ्ठी टाकत राहतो. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्वेशन किंवा ॲड्रेस रिझर्वेशन अशी जागा असते, तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) देऊन एक आयपी त्याच्या नावावर कायमचा लावून टाका. मॅक त्या छापील पानावरच असतो, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या.

मग विंडोजमध्ये प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्टचा टॅब बघा. तिथे डब्ल्यूएसडी असं काही लिहिलं असेल तर ते विंडोजने आपोआप शोधून लावलेलं पोर्ट असतं आणि ऑफलाइनचा हा खेळ बऱ्याचदा त्याच्यामुळेच होतो. ॲड पोर्ट करून स्टँडर्ड टीसीपी/आयपी निवडा आणि राखून ठेवलेला आयपी द्या. त्याच पोर्टच्या कॉन्फिगरमध्ये एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड अशी खूण असेल ती काढा. प्रिंटर जागा आहे का हे विंडोज त्यावरून विचारतं, प्रिंटरने त्याला उत्तर दिलं नाही की चालू प्रिंटरलाही ऑफलाइन म्हणतं.

आणि सेटिंग्जमध्ये तुमचं वायफाय पब्लिक आहे की प्रायव्हेट ते बघा. घरचं असेल तर प्रायव्हेट करा, पब्लिकवर विंडोज आजूबाजूची यंत्रं शोधणं बंद ठेवतं. स्टेशनवर, हॉटेलात मात्र पब्लिकच ठेवायचं.

म्हसरूळ_पीजी | रविवार, सकाळी ८:२०

माझा पण प्रश्न घ्या. पीजीमध्ये आम्ही चौघांनी मिळून प्रिंटर घेतला, एकच वायफाय, सगळ्यांचे आयपी एकाच रांगेतले, तरी कोणालाच प्रिंटर दिसत नाही.

सातपूर_नेटवर्क | सकाळी ९:००

मालकांच्या राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन चालू असणार. त्यात प्रत्येकाला इंटरनेट मिळतं पण एकमेकांशी बोलता येत नाही. एकाच वाड्यात राहून प्रत्येकाच्या खोलीला बाहेरून कडी. अनोळखी माणसं राहतात तिथे ते मुद्दाम लावतात आणि तुमच्या सुरक्षिततेसाठी ते चांगलंच आहे, त्यामुळे मालकांना काढायला लावण्यापेक्षा प्रिंटरमध्ये वायफाय डायरेक्ट असेल तर ते वापरा, प्रिंटर स्वतःचं छोटं वायफाय सोडतो, त्याला जोडून प्रिंट काढायची आणि परत यायचं.

इंदिरानगरकर | रविवार, दुपारी ३:४०

मंडळी, परीक्षा पार पडली. पेपर काल रात्री फोनवरून काढले. एक अडचण आली ती कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. बायकोचे जुने प्रश्न शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेले, मिंटवर तो फॉन्ट नव्हता म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसत होतं. जुन्या पेनड्राइव्हवर फॉन्टची फाइल सापडली, डबल क्लिक करून इन्स्टॉल केली, मग नीट पीडीएफ झाली.

आता मूळ काम. दीड वाजता बसलो. नव्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड होता, निवडला, तो स्वतःच बंद होऊन चालू झाला. प्रिंटर बंद करून चालू केला, परत पान छापलं, आणि त्यावर १९२.१६८.१.१२. तो तिसरा आकडा शून्याचा एक झालेला बघून जे वाटलं ते सांगता येणार नाही. मिंटमध्ये मी काहीही केलं नाही, प्रिंटर्सची खिडकी उघडली तर प्रिंटर तिथे नावासकट येऊन बसलेला. ड्रायव्हर नाही, काही नाही.

पण पहिली प्रिंट दिली आणि निघालीच नाही. प्रोसेसिंग म्हणून अडकून राहिली. पिंग जातंय, प्रिंटर यादीत आहे, मग आता काय?

सातपूर_नेटवर्क | दुपारी ४:०२

यादीत तोच प्रिंटर दोनदा दिसतोय का बघा.

इंदिरानगरकर | दुपारी ४:०९

हो! एक कंपनीच्या नावाचा आणि दुसरा तेच नाव पण मध्ये खालच्या रेघा असलेला. हिरवी बरोबरची खूण पहिल्यावर आहे.

सातपूर_नेटवर्क | दुपारी ४:१५

पहिला तुम्ही शुक्रवारी ड्रायव्हर टाकताना आयपी हाताने देऊन बनवलेला असणार, तो अजून १९२.१६८.०.१०५ वर चिठ्ठ्या पाठवतोय आणि डीफॉल्टही तोच आहे. कामं तिथे जाऊन पडतात. खालच्या रेघांचा आहे तो आज अवाहीने शोधून आपोआप आलेला. पहिल्यावर राइट क्लिक करून आधी अडकलेली कामं रद्द करा, मग तो काढून टाका, दुसरा डीफॉल्ट करा. कंपनीचा ड्रायव्हरही काढलात तरी चालेल. अलीकडच्या बहुतेक प्रिंटरना आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापायच्या पद्धती) समजतं, स्वतः काय काय जमतं ते प्रिंटरच सांगतो, त्यामुळे फोनलाही ड्रायव्हर लागत नाही आणि मिंटलाही नाही.

खात्री करायची असेल तर टर्मिनलवर अवाही-ब्राउज (avahi-browse -a) चालवून बघा (नसेल तर अवाही-युटिल्स हे पॅकेज टाका). घरातली जी जी यंत्रं हाकेला ओ देतात ती सगळी त्यात दिसतात. यापुढे कधी प्रिंटर हरवला तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे बघायचं. इथे दिसला तर गडबड कॉम्प्युटरमधल्या छपाईच्या कामांच्या रांगेत आहे, इथेच नाही दिसला तर नेटवर्कमध्ये.

इंदिरानगरकर | दुपारी ४:४१

निघाली प्रिंट. दोन्ही बाजूंनी, मराठीसकट. जुना काढला, अडकलेली सात कामं रद्द केली, त्यातलं एक शुक्रवारी रात्रीचं होतं. अवाही-ब्राउजमध्ये प्रिंटर, टीव्ही आणि डेस्कटॉप स्वतः असे तिघं दिसले.

डॉक्युमेंट स्कॅनर पण उघडून बघितला, स्कॅनरही आपोआप आला आणि आईचं मेडिक्लेमचं पान स्कॅन झालं. विंडोजवर यासाठी कंपनीचं वेगळं ॲप लागायचं.

ताई_नाशिकरोड | संध्याकाळी ६:३०

माझंही झालं. पोर्टमध्ये डब्ल्यूएसडीच होतं. आयपी राखून ठेवला, नवीन पोर्ट दिलं, खूण काढली. मग मुद्दाम मेन स्विच बंद करून चालू केला, दोनदा, दोन्ही वेळा प्रिंट आली. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय, आणि समास डावीकडे थोडा जास्त ठेवता येईल का असं विचारतायत, पंच करून फाइलला लावायचं असतं त्यांना.

सातपूर_नेटवर्क | संध्याकाळी ६:४५

काकांना माझाही नमस्कार. समास प्रिंटरमध्ये नाही, ज्यातून छापताय त्यात ठेवायचा. ब्राउजरमधून छापत असाल तर प्रिंटच्या खिडकीत मोअर सेटिंग्जमध्ये मार्जिन्स आहे, तिथे कस्टम करून डावीकडे २५ मिलिमीटर द्या.

इंदिरानगरकर, तुमचाही आयपी राखून ठेवायचा राहिलाय. मिंट नावाने शोधतं म्हणून सहसा अडणार नाही, पण करून टाका, फायबरच्या डब्याच्या पानावर, वरच्या राउटरमध्ये नाही. तो आता पत्ते वाटत नाही.

इंदिरानगरकर | रात्री ९:१५

केलं. १९२.१६८.१.१२ प्रिंटरच्या नावावर कायम. मॅक, आयपी आणि डब्याच्या पानाचा पत्ता एका पट्टीवर लिहून प्रिंटरच्या मागे चिकटवलीय. पुढच्या रविवारचा पेपर बायकोने आत्ताच डेस्कटॉपवरून काढला.